गोठ्यातल्या तीन बाटल्या आणि दिल्लीतला आराखडा : प्रतिजैविकरोधाविरुद्धच्या राष्ट्रीय प्रयत्नांविषयी

माजी_पशुवैद्य (धागालेखक)

पशुसंवर्धन खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, तरी नात्यागोत्यातली जनावरे अजून दाखवायला येतात. गेल्या महिन्यात पुतण्याची एक संकरित गाय दगडीने आजारी असल्याचा निरोप आला. (शहरी वाचकांसाठी : दगडी म्हणजे कासदाह. कासेचा एखादा भाग दगडासारखा घट्ट होतो, हात लावू देत नाही आणि धार काढताना दुधात गाठी दिसतात.) मी पोहोचलो तो चौथा दिवस होता. गोठ्याच्या खिडकीत वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या तीन रिकाम्या बाटल्या आणि सडात सोडायच्या दोन वापरलेल्या ट्यूब पडल्या होत्या. पहिले इंजेक्शन कृत्रिम रेतन करायला येणाऱ्या मुलाने दिले होते, दुसरे दुकानदाराने सुचवले म्हणून पुतण्याने स्वतःच टोचले होते आणि तिसरे कोणाला तरी फोनवर विचारून दिले होते. कोणते औषध, किती मिली, कोणत्या दिवशी, हे कुठेही लिहिलेले नव्हते. दुधाचा नमुना तपासणीला गेलेला नव्हता. खराब सडाचे दूध ओतून दिले जात होते, पण उरलेल्या तीन सडांचे दूध दोन्ही वेळा संकलन केंद्रावर जात होते. इंजेक्शनने दिलेले औषध रक्तातून चारही सडांत उतरते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पुतण्या हलगर्जी नाही. दिवसाला पंधरा लिटर देणारी गाय आटली तर त्याचा हप्ता चुकतो, आणि सरकारी दवाखाना अकरा किलोमीटरवर आहे.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, प्रतिजैविकरोधावर, म्हणजे जंतू प्रतिजैविकांना दाद देईनासे होण्यावर, आपल्या देशात कागदावर काही झालेले नाही, असे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जागतिक कृती आराखडा मांडला आणि भारताने एप्रिल २०१७ मध्ये स्वतःचा राष्ट्रीय कृती आराखडा (२०१७ ते २०२१) जाहीर केला. माणूस, जनावर, अन्न आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करण्याची भूमिका त्यात पहिल्यापासून होती. त्याचा दुसरा टप्पा, २०२५ ते २०२९ या काळासाठी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर झाला. दरम्यान जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे माणसांत शेवटचा उपाय म्हणून वापरले जाणारे प्रतिजैविक अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यशेतीत आणि पशुखाद्यात वापरण्यावर बंदी आली, आणि मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातल्या प्रतिजैविकांची पाळी आली. जनावराच्या औषधाच्या लेबलवर विथड्रॉवल कालावधी, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर दूध, अंडी किंवा मांस विकण्यापूर्वी थांबायचा काळ, छापण्याचा नियम २०१२ पासून आहे. हा कालावधी ठरलेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे, असेही त्यात म्हटले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : बंदी घालणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग होता आणि तो बऱ्यापैकी झाला. गोठ्यात किंवा शेडमध्ये कोणते औषध कोणी, कशासाठी आणि किती दिले, याची नोंद मात्र कुठेच होत नाही, आणि ती होत नाही तोवर आपण काय कमी केले आणि काय वाढले हे कोणालाच सांगता येणार नाही. आपापल्या क्षेत्रात हा आराखडा कुठपर्यंत पोहोचलेला दिसतो, ते जाणकारांनी लिहावे.

काउंटरमागून

डॉक्टर, मी तालुक्याच्या ठिकाणी औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे तुमच्या गोष्टीतला 'दुकानदार' वाचून थोडे टोचले, पण आक्षेप घेता येत नाही.

आमच्या बाजूने सर्वांत मोठा बदल म्हणजे शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांतली अधिक कडक नियमांची यादी. १ मार्च २०१४ पासून ४६ औषधांसाठी वेगळी वही ठेवावी लागते : चिठ्ठी देणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, नग. ती वही तीन वर्षे जपायची असते. सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम हे सगळे त्या यादीत आहेत. पण अॅझिथ्रोमायसिन त्या यादीत नाही, ते साध्या शेड्यूल एचमध्ये येते. चिठ्ठी त्यालाही लागतेच, पण वहीत नोंद लागत नाही, आणि त्यामुळे घसा धरला की लोक थेट 'ती तीन गोळ्यांची पट्टी' मागतात. भारतातल्या खासगी बाजारातील २०१९ च्या विक्रीचा अभ्यास नंतर प्रसिद्ध झाला, त्यात अॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळीच सर्वांत जास्त खपलेली आढळली. मला त्याचे जराही आश्चर्य वाटले नाही.

जनावरांच्या औषधांचे दृश्य असे असते. माणूस उपरण्यात गुंडाळलेली रिकामी बाटली काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, 'हीच द्या, मागच्या वेळी गुण आला होता.' चिठ्ठी मागितली तर मोबाइलवर दुसऱ्याच कोणाच्या चिठ्ठीचा फोटो दाखवतो. मी नाही म्हटले की तो समोरच्या दुकानात जातो, आणि पुढच्या वेळी घरच्या माणसांची रक्तदाबाची औषधेही तिकडूनच घेतो. नियम पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते, ही आमची खरी अडचण आहे. केरळात २०२४ च्या जानेवारीपासून सरकारने सर्वच दुकानांवर एकदम लक्ष ठेवायला सुरुवात केली, सामान्य माणसालाही चिठ्ठीशिवाय विक्री झाल्यास कळवण्याची सोय दिली. तिथे विक्री उतरल्याचे राज्य सरकारने सांगितले आहे. सगळे एकाच वेळी 'नाही' म्हणू लागले तरच एकट्याला 'नाही' म्हणणे परवडते.

शेड_क्र_दोन

मी ब्रॉयलर कोंबड्या करार पद्धतीने सांभाळतो, पाच हजार पक्ष्यांचे एक शेड आणि आता दुसरे. पिल्लू, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, पाणी, वीज आणि राबणे आमचे. चाळीस-बेचाळीस दिवसांनी गाडी येऊन पक्षी उचलते आणि वजन व खाद्य यांच्या हिशेबाने आम्हाला पैसे मिळतात.

धागालेखकांच्या एका वाक्याशी मी सहमत नाही. नोंद होत नाही, असे नाही. माझ्या शेडच्या दाराला आतल्या बाजूने एक कार्ड टांगलेले आहे. त्यावर रोजची मरतूक, दिलेल्या खाद्याच्या गोण्या, आठवड्याचे सरासरी वजन आणि लसीकरणाची तारीख लिहिलेली असते, आणि शेवटचा रकाना 'औषध' असा आहे. तो सुपरवायझर भरतो. बॅच संपली की तो ते कार्ड काढून घेऊन जातो. म्हणजे माहिती आहे, ती शेतकऱ्याकडे राहत नाही आणि सरकारकडे जात नाही, एवढेच. खाद्याच्या गोणीत काय मिसळलेले आहे, हे तर मला आजवर कधी नीट कळलेले नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. पूर्वी पिल्लू आले की पहिल्या दिवसांत पाण्यातून एक पुडी जायचीच, आजार असो वा नसो. तिच्यात कोलिस्टिन असायचे, हे मला बंदीनंतर समजले, कारण ती पुडी यायची थांबली. पहिल्या दोन बॅचना मरतूक थोडी वाढली. मग आम्ही शेडमध्ये अंथरलेले तूस वेळेवर हलवायला आणि ओले झाले की काढायला लागलो, पडदे उघडण्याच्या वेळा बदलल्या, पाण्याच्या पाइपलाइनीत साचणारा चिकट थर दर बॅचनंतर धुऊन काढू लागलो, आणि मरतूक पूर्वीच्या जागी आली. त्या पुडीची गरज औषध म्हणून किती होती आणि आमच्या अस्वच्छतेवर पांघरूण म्हणून किती होती, याचे उत्तर मला मिळाले.

पण आजार खरोखर आला तर पाच हजारांतला एक पक्षी पकडून त्याला इंजेक्शन देता येत नाही. औषध पाण्यातून सगळ्यांनाच द्यावे लागते, चांगल्यांनाही. गायीचे नियम जसेच्या तसे शेडला लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिरकस

चर्चा चांगली आहे, पण कोंबडीवाला, दुकानदार आणि गोठेवाला यांच्यावर खापर फोडून मोठ्या खासगी रुग्णालयांना मोकळे सोडले जात आहे, असे वाटते. अतिदक्षता विभागात पहिल्याच दिवशी सर्वांत भारी प्रतिजैविक सुरू करतात, त्याचे काय? माझ्या वडिलांच्या वेळी एका रुग्णालयात कल्चरचा (नमुन्यातला जंतू वाढवून करायच्या तपासणीचा) अहवाल येण्यापूर्वी दोन औषधे बदलली गेली आणि अहवाल आला तेव्हा त्यांना घरी सोडले होते. बिलात मात्र तपासणी होती.

पेट्रीडिश

मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. तिरकस, तुमचा राग समजतो आणि त्याचा काही भाग रास्तही आहे. पण तो अहवाल उशिरा का येतो, हे सांगितले पाहिजे. नमुन्यातला जंतू वाढायला साधारण एक रात्र लागते. मग तो पिवळसर, पारदर्शक आगराच्या बशीवर एकसारखा पसरून त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या इवल्या चकत्या ठेवतात आणि बशी पुन्हा रात्रभर उबवतात. सकाळी ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसते, ते औषध चालते. जिथे जंतूंची साय थेट चकतीच्या कडेला चिकटलेली असते, ते गेले. नोकरी लागली तेव्हा अशा बशीवर मेरोपेनेमच्या चकतीभोवती रिंगण नसणे हा आम्हाला एकमेकींना हाक मारून दाखवण्याचा प्रकार होता. आता कोणी मान वर करून पाहत नाही.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे सर्वेक्षणाचे जाळे २०१३ पासून काम करते आहे. त्याच्या आकड्यांनुसार ई. कोलाय या जंतूचे इमिपेनेमला (हे मेरोपेनेमच्याच गटातले भारी प्रतिजैविक) दाद देण्याचे प्रमाण २०१६ मध्ये ८६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६४ टक्क्यांवर आले. क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूचे त्याच काळात ६५ वरून ४३ टक्क्यांवर. एक सावधगिरी मात्र हवी : हे नमुने बहुतांशी मोठ्या रुग्णालयांतले आहेत, जिथे आधीच चार ठिकाणी उपचार घेऊन थकलेले रुग्ण येतात, त्यामुळे गावातल्या साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचे चित्र इतके वाईट नसावे. जिल्हा आणि तालुका पातळीवरून माहिती येत नाही, ही आपल्या सर्वेक्षणातली मोठी उणीव आहे. तरीही एकूण हानी लहान नाही. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकरोधामुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज जगभरात १२.७ लाख आणि भारतात सुमारे २.९७ लाख असा आहे.

आता कोंबडीचा प्रश्न. माणसातला बराचसा रोध माणसांना दिलेल्या औषधांतून, रुग्णालयांतल्या संसर्गातून आणि सांडपाण्यातून आलेला आहे. हे तिरकस यांचे म्हणणे मी मान्य करते. पण जंतूंच्या जगात गोठा आणि वॉर्ड यांच्यात भिंत नसते. रोधाचे जनुक अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वळ्यावर असते आणि एक जंतू ते दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. जंतूला कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद देणारे असे एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे २०१५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले, आणि चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन देणे बंद केले. आपली २०१९ ची बंदी त्याच मालिकेतली आहे. जे औषध आम्ही बाकी सगळे उपाय हरल्यावर शेवटी काढतो, ते पिल्लाचे वजन वाढावे म्हणून पाण्यातून देणे, हे कोणत्याच हिशेबात बसत नव्हते.

कोपनहेगनकर

डेन्मार्कमध्ये अन्नप्रक्रिया उद्योगात नोकरी करतो, म्हणून इथली बाजू मांडतो. डेन्मार्कने १९९५ मध्ये तीन गोष्टी जवळजवळ एकदम केल्या. अॅव्होपार्सिन हे वाढीसाठी दिले जाणारे प्रतिजैविक बंद केले. माणूस, जनावर आणि अन्न यांतल्या रोधाचे एकत्र सर्वेक्षण सुरू केले. आणि पशुवैद्याला औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर कडक मर्यादा घातली. माझ्या मते तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. जो औषध लिहून देतो त्यालाच ते विकून पैसे मिळत असतील, तर लिहिण्याचा हात सैल होणारच. पुढे २००० पासून जनावरांना दिलेल्या औषधांची शेतनिहाय नोंद राष्ट्रीय संगणकीय वहीत होऊ लागली, आणि २०१० पासून ज्या डुक्करपालकाचा वापर ठरावीक मर्यादेपेक्षा वर जातो त्याला 'पिवळे कार्ड' मिळते, फुटबॉलमधल्यासारखे. त्याला ठरावीक मुदतीत वापर खाली आणावा लागतो.

हे सगळे जसेच्या तसे उचलून आपल्याकडे आणता येईल, असे मी म्हणणार नाही. इथली शेते मोठी आणि मोजकी आहेत आणि प्रत्येकाला ठरलेला पशुवैद्य आहे. दोन गायींच्या लाखो गोठ्यांना पिवळे कार्ड कोण देत बसणार? पण शेड_क्र_दोन यांच्या दारावरचे ते कार्ड वाचून मला वाटले की, करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात तरी हे शक्य आहे. तिथे माहिती गोळा करणारा माणूस आधीच पगारावर आहे. त्या कागदाची एक प्रत कोणाला द्यायची, एवढेच ठरायचे आहे.

भगवा_डाळिंब

विषय माणसे आणि जनावरांचा आहे हे ठाऊक आहे, तरी सोलापूर जिल्ह्यातला डाळिंबवाला म्हणून एक भर घालतो. आम्ही तेल्या रोगावर (डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग) वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारले. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते, आणि त्यातले स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोगावर वापरले गेलेले औषधच. सहा ग्रॅमची पुडी, बादलीत विरघळवायची आणि पंपात ओतायची. हाताला मोजे नाहीत, तोंडाला रुमाल. केंद्र सरकारने शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि १ जानेवारी २०२४ ही वापर थांबवण्याची तारीख दिली. योगायोग असा की, ही पुडी बनवणारा पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना देशाने १९५४ मध्ये माणसांना स्वस्त पेनिसिलिन मिळावे म्हणून उभारला होता.

बंदीविरुद्ध माझी तक्रार नाही. आम्हाला छाटणीची वेळ, बागेची स्वच्छता आणि बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) यांवर यावे लागले आणि बरेच जण आलेही. पण बंदीचा कागद ज्या वेगाने आला, त्या वेगाने 'मग काय करायचे' हे सांगणारा माणूस बांधावर आला नाही.

माजी_पशुवैद्य (धागालेखक)

शेड_क्र_दोन यांचा आक्षेप मान्य करतो आणि माझे वाक्य दुरुस्त करतो : नोंद मोठ्या कुक्कुटपालनात होते, पण ती खासगी मालमत्ता असते, दुभत्या जनावरांत ती होतच नाही. पहिल्याला हुकूम पुरेल, दुसऱ्याला माणूस लागेल. पशुवैद्यक सेवा आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिले आहेत, त्यामुळे दिल्लीतला आराखडा कितीही चांगला असला तरी गोठ्यापर्यंत पोहोचायला राज्याचा आराखडा आणि राज्याचा पैसा लागतो. केरळने आपला आराखडा २०१८ मध्ये केला, मध्य प्रदेश त्यामागोमाग आला. पहिल्या राष्ट्रीय टप्प्यात बाकीची बहुतेक राज्ये मागेच राहिली.

भगवा_डाळिंब यांनी जे म्हटले, त्याचा एक जुना दाखला माझ्या खात्यातला आहे. औषध दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मरतात म्हणून जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ मध्ये बंदी आली. कागदावर काम झाले, पण माणसांसाठीची ३० मिलीची मोठी बाटली दुकानात होतीच आणि तीच बैलाला टोचली जाऊ लागली. अखेर २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी ३ मिलीपेक्षा मोठी असू नये, असा नियम करावा लागला. कोलिस्टिनबाबत अशी पळवाट निघाली आहे का, हे पाहायला पुन्हा नोंदच लागेल. वेदनाशामकाच्या बाबतीत निदान मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय हाताशी होता.

दगडीसाठी पर्याय अगदीच नाहीत असे नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप सुचवते. सुरुवातीच्या टप्प्यात, कास पूर्ण पिळून दिवसातून अनेकदा लावला तर मीही गुण येताना पाहिला आहे. मात्र गाय तापलेली असेल आणि खात नसेल तर लेपावर विसंबून राहू नये. तिथे प्रतिजैविक वेळेत आणि पूर्ण मुदतीचे दिलेच पाहिजे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २०२४ मध्ये जनावरांसाठी प्रमाणित उपचार मार्गदर्शिका काढली, ती याच कामासाठी आहे. तिचे सोपे मराठी पत्रक प्रत्येक दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लागले, तर माझ्या पुतण्याला तीन जणांना विचारावे लागणार नाही.

साय_दही

सगळा धागा वाचला. एक साधा प्रश्न आहे, हसू नये. आम्ही ओळखीच्या गोठ्यातून दूध घेतो. कधीकधी विरजण नेहमीचे आणि दूधही ताजे, तरी दही लागत नाही, नुसते चिकट पाणी राहते. सासूबाई म्हणतात, गायीला औषध दिलेले असणार. हे खरे असते का? आणि दूध उकळले की ते औषध निघून जाते ना?

पेट्रीडिश

हसण्यासारखे काही नाही, सासूबाईंचा तर्क शास्त्राला धरून आहे. दही लावणारे जंतू पेनिसिलिनसारख्या औषधांना फार नाजूक असतात. दुधात थोडा अंश असला तरी ते वाढत नाहीत. दुग्धालयांतल्या काही अवशेष चाचण्या याच तत्त्वावर चालतात : ठरावीक जंतू दुधात सोडायचा आणि तो वाढतो का, ते पाहायचे. थंडी किंवा जुने विरजण हीसुद्धा कारणे असू शकतात, त्यामुळे एकदा दही बिघडले म्हणून गोठेवाल्याशी भांडू नये. उकळण्याने मात्र बहुतेक प्रतिजैविके नष्ट होत नाहीत.

माजी_पशुवैद्य (धागालेखक)

पुढच्या वेळी गोठेवाल्याला सरळ विचारा : 'कोणत्या गायीला काही टोचले आहे का, आणि किती दिवस झाले?' त्याला सांगता आले नाही तर ट्यूबचे खोके दाखवायला सांगा, त्यावर किती तास किंवा दिवस दूध वापरायचे नाही, ते छापलेले असते. औषध दिलेल्या गायीच्या शिंगाला किंवा दाव्याला लाल चिंधी बांधण्याची युक्ती मी पुतण्याला सांगितली आहे. संध्याकाळची धार त्याची आई काढते आणि तिला सकाळच्या इंजेक्शनची खबर नसते. चिंधी दिसली की ती त्या गायीची बादली वेगळी ठेवते.

शेड_क्र_दोन

कोपनहेगनकर, तुमच्या प्रतिसादानंतर मी मागच्या तीन बॅचची कार्डे सुपरवायझरकडे मागितली. 'ऑफिसला विचारावे लागेल,' असे तो म्हणाला. चालू बॅचचे कार्ड अजून दारावर आहे. आज सकाळपासून त्याच्या औषधाच्या रकान्याचा रोज एक फोटो काढायला सुरुवात केली आहे. बॅच उचलली गेली की या धाग्यावर कळवतो.